गुन्हेगार घडण्यात आपला हात किती?

मृणाल_वि

एखादा मोठा गुन्हा घडला की चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. शिक्षा किती कडक असावी, आणि असा माणूस निपजतोच कसा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा संस्कार, रक्त किंवा वाईट संगत यांच्यापाशी येऊन थांबतं. समाजशास्त्राने या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षं काम केलं आहे. मी हा विषय शिकवते, आणि त्यातलं एक निरीक्षण वर्गाबाहेरच्या लोकांपर्यंत पोचावं असं फार वाटतं. पहिल्या चुकीनंतर आजूबाजूची माणसं कशी वागतात, यावर दुसरी चूक होणार की नाही हे बरंचसं ठरतं.

सुरुवात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमपासून करते. १८९५ मध्ये त्याने लिहिलं की गुन्हा ही समाजातली सामान्य गोष्ट आहे. सामान्य म्हणजे चांगली नव्हे, तर जिथे समाज आहे तिथे सापडणारी. फक्त संतांचा समाज कल्पनेत उभा केला, तरी तिथे इतरांच्या नजरेला दिसणारही नाही असा बारीक दोष घोर अपराध ठरेल, असं तो म्हणतो. कारण कुठल्याही गटाला आपली हद्द कुठे संपते हे ठरवावं लागतं आणि ती कुणीतरी ओलांडल्यावरच ठळक होते. शिक्षेचा खरा श्रोता गुन्हेगार नसून नियम पाळणारे बाकीचे लोक असतात, हेही त्याचंच म्हणणं. सॉक्रेटिस त्याच्या काळच्या कायद्याने अपराधीच होता, याचीही तो आठवण करून देतो.

पण दुर्खीम समाजाकडे फार वरून पाहतो. खाली उतरल्यावर काय दिसतं? एडविन लेमर्टने १९५१ मध्ये एक भेद केला. नियम मोडणं सगळ्यांच्याच हातून कधीतरी घडतं आणि विसरलं जातं. हे पहिलं विचलन, म्हणजे नियमापासून ढळणं. त्याबद्दल पकडलं गेल्यावर, हिणवलं गेल्यावर, ‘तू असाच’ हे पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माणूस त्या ओळखीभोवतीच आयुष्य रचू लागतो, ते दुसरं. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये हाच विचार टोकाला नेला: विचलन हा कृतीचा गुण नाही, लोकांनी ती कृती आणि तो माणूस यांवर मारलेला शिक्का म्हणजे विचलन.

सिद्धांत कोरडा वाटत असेल तर विल्यम चँब्लिसचा १९७३ चा अभ्यास बघा. अमेरिकेतल्या एका शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांवर त्याने दोन वर्षं नजर ठेवली. पहिल्यात आठ मुलं, सुस्थितीतल्या घरची. दुसऱ्यात सहा, गरीब घरची. आठजण शाळा बुडवत, दारू पीत, बेफाम गाडी चालवत. रस्त्याच्या दुरुस्तीसाठी खड्डा खणलेला असला की रात्री त्याभोवतीचे कंदील आणि अडथळे काढून घेत आणि गाडी कधी आदळते ते लपून बघत. कुणाचा जीव जाऊ शकला असता. पण त्यांच्याकडे गाड्या होत्या, त्यामुळे हे उद्योग गावाबाहेर चालायचे. पोलिसांनी अडवलंच तर खाली मान घालून ‘सॉरी सर’ म्हणायचे. दोन वर्षांत एकालाही अटक झाली नाही. उरलेले सहाजण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नाक्यावर उभे असायचे आणि उलट बोलायचे. पोलिसांशी त्यांचा सतत सामना. शिक्षकांनी, पोलिसांनी, गावाने ‘वाया गेलेली पोरं’ म्हणून त्यांच्यावर पाणी सोडलेलं होतं. एकूण वाह्यातपणात दोन्ही टोळकी साधारण सारखीच होती, असं चँब्लिसचं निरीक्षण. पुढे आठांपैकी जवळपास सगळे कॉलेजात गेले. सहांपैकी दोघे खुनाच्या वेगवेगळ्या प्रकरणांत तुरुंगात गेले.

वाचणाऱ्यांचे अनुभव आणि आक्षेप, दोन्ही हवे आहेत.

रोखठोक

मृणालताई, लेख चांगला आहे पण मूळ भूमिका पटली नाही. असल्या सगळ्या सिद्धांतांत शेवटी दोष समाजाचा, आणि ज्याने केलं तो बिचारा. गरिबीत वाढलेली, हिणवली गेलेली लाखो माणसं कष्ट करून जगतात. ती का नाही चोऱ्या करत? आणि शिक्का मारण्याआधी काहीतरी घडलेलं असतं ना? ज्याचं घर फुटलं, जिच्यावर हल्ला झाला, त्यांच्यासाठी गुन्हा हा शिक्का नसतो, जखम असते. तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात ती व्यक्ती कुठेच नाही.

मृणाल_वि

रोखठोक, शेवटचा आक्षेप अगदी रास्त आहे. शिक्क्याच्या सिद्धांतावर समाजशास्त्रातूनही हीच टीका झाली: पहिला गुन्हा का घडतो हे तो सांगत नाही आणि पीडितांकडे बघत नाही. त्याकडे सविस्तर येते.

‘लाखो माणसं का नाही करत’ हा प्रश्न ट्रॅव्हिस हिर्शीने १९६९ मध्ये अगदी असाच विचारला. तो म्हणाला, माणूस गुन्हा का करतो हे सोडा, मोह तर सर्वांनाच असतो. बहुतेक लोक का करत नाहीत ते शोधा. त्याला चार बंध सापडले. जवळच्या माणसांचा जिव्हाळा. गमावण्यासारखं काहीतरी हाताशी असणं, म्हणजे शिक्षण, नोकरी, नाव. रोजच्या कामांत गुंतलेलं असणं. आणि नियम योग्य आहेत यावर विश्वास. हे बंध जिथे सैल, तिथे घसरण्याची शक्यता जास्त. तुम्ही म्हणता ती कष्टाळू माणसं बहुधा याच बंधांनी धरून ठेवलेली असतात. आता चँब्लिसच्या त्या सहांकडे पुन्हा बघा. त्यांच्यातल्या दोघांना खेळाच्या शिष्यवृत्तीवर कॉलेज मिळालं आणि त्यांचं आयुष्य मार्गी लागलं. म्हणजे शिक्का त्यांच्यावरही होता, पण गमावण्यासारखं काहीतरी हाती आलं.

म्हणून मला शिक्का आणि बंध हे दोन वेगळे सिद्धांत वाटतच नाहीत. शिक्का नेमकं काय करतो? बंध तोडतो.

शेखर_का

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा उल्लेख राहिला. १९३८ चा त्याचा लेख आजही ताजा वाटतो. समाज सर्वांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा आणि यश, पण तिथे पोचण्याचे रस्ते सर्वांना सारखे खुले ठेवत नाही. मग माणसं पाच तऱ्हांनी वागतात. काही निमूटपणे रुळलेल्या वाटेने जातात. काही ध्येय तेच ठेवून आडमार्ग शोधतात. काही स्वप्न सोडून नुसते नियम पाळत बसतात, काही दोन्ही सोडून नशेत बुडतात, आणि काही व्यवस्थाच बदलायला निघतात. चोर आणि कारकून एकाच ताणाला दिलेली दोन उत्तरं आहेत, हे वाचून मी कॉलेजात असताना हादरलो होतो.

पाऊलवाट

मी अनेक वर्षं मुलांच्या निरीक्षणगृहात समुपदेशक म्हणून काम केलं. पुस्तकी भाषा मला येत नाही, पण रोखठोक यांचा ‘बिचारा’ हा शब्द वाचून लिहावंसं वाटलं.

ती मुलं स्वतःला बिचारी समजत नाहीत. स्वतःचं समर्थन मात्र त्यांच्याकडे कायम तयार असतं. पहिल्या भेटीत कानावर येणारी वाक्यं ठरलेली. ‘मी नव्हतो करणार, सगळे गेले म्हणून गेलो.’ ‘त्यांच्याकडे ढीगभर आहे, एक फोन गेला तर काय बिघडलं.’ ‘तोच आधी अंगावर आला.’ ‘पोलीस काय कमी खातात?’ आणि सगळ्यात ठाम आवाजात: ‘दोस्ताला एकटं सोडणार होतो का?’

ही वाक्यं गुन्ह्यानंतर सुचतात असं मी आधी धरून चाललो होतो. पण मुलं मोकळी झाल्यावर सांगायची की जाताना वाटेत हेच बोलणं चाललेलं असतं. एकमेकांना धीर दिल्यासारखं. म्हणजे चूक कळत असते. कळते म्हणूनच ती आधी बाजूला सारावी लागते.

एक मुलगा आठवतो, पंधराएक वर्षांचा. सुटून शाळेत परत गेला. वर्गात कुणाचा तरी कंपास हरवला आणि शिक्षकांनी पहिल्यांदा याचंच दप्तर उलटं केलं. सगळ्यांसमोर. कंपास दुसऱ्याच्या बाकाखाली सापडला. त्याची कुणी माफी मागितली नाही. दप्तरातली वह्या-पुस्तकं त्याने खाली बसून एकट्यानेच गोळा केली. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. काही महिन्यांनी पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा हे सगळं त्याने सांगितलं, आणि म्हणाला, ‘सर, तिथे मी चोरच होतो. बाहेर निदान दोस्त तरी होते.’

मृणाल_वि

पाऊलवाट, तुम्ही मांडलेली पाच वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी १९५७ मध्ये नोंदवली आहेत. जबाबदारी नाकारणं, नुकसान नाकारणं, समोरचा त्याच लायकीचा होता म्हणणं, दोष देणाऱ्यांनाच दोष देणं, आणि आपल्या माणसांशी निष्ठेची साक्ष काढणं. हे समर्थन कृतीच्या आधी येतं, हाच त्यांचाही मुख्य दावा होता. गुन्हा करणारी मुलं उलट्या मूल्यांची नसतात, आपल्याच मूल्यांना तेवढ्यापुरती सुट्टी देतात. याचा एक फार मोठा अर्थ निघतो: त्यांच्याशी नीतीच्या भाषेत बोलणं शक्य असतं. दार बंद नसतं.

त्या मुलाचं दप्तर वाचून पुढे काही लिहिवलं नाही बराच वेळ.

तिन्हीसांज

सगळी उदाहरणं गरीब मुलांचीच का? एडविन सदरलँडने १९३९ मध्येच हा प्रश्न विचारला होता. गरिबी हे गुन्ह्याचं कारण म्हणता, मग कोट घातलेल्या माणसांच्या लबाड्यांचं काय? ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही कल्पना त्याची. त्याने अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे निर्णय तपासले: खोट्या जाहिराती, स्पर्धेवर बेकायदा निर्बंध, पेटंटचे गैरप्रकार, कामगार कायद्यांचं उल्लंघन. एकही कंपनी स्वच्छ निघाली नाही आणि बहुतेक पुन्हा पुन्हा तेच करत होत्या. १९४९ मध्ये पुस्तक आलं तेव्हा खटल्याच्या भीतीने प्रकाशकाने कंपन्यांची नावं गाळायला लावली. नावांसकट पूर्ण आवृत्ती यायला १९८३ उजाडलं, तोवर सदरलँड जाऊन तीन दशकं झाली होती.

गुन्हा शिकला जातो, जवळच्या माणसांकडून, इतर कुठल्याही कामासारखा, हा त्याचा सिद्धांत. तंत्रही शिकतात आणि समर्थनही. कंपनीच्या बैठकीत ‘सगळेच करतात’ असं म्हणणारा अधिकारी आणि पाऊलवाट यांची मुलं यांच्यात मला काही फरक दिसत नाही. फक्त कुणी त्या अधिकाऱ्याची बॅग उलटी करत नाही.

अनामिक_वाचक

कॅमेरे वाढवले की गुन्हे कमी होत नाहीत का? कुठे वाचलं होतं की समाजनियंत्रण म्हणजे शेवटी नजरच.

मृणाल_वि

थोडक्यात सांगते. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको म्हणतो की १७५७ मध्ये पॅरिसमध्ये राजावर हल्ला करणाऱ्याचे भर चौकात हाल करून मारलं गेलं, आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आत शिक्षेने शरीर सोडून वेळापत्रक, तुरुंग आणि सततची नजर यांचं रूप घेतलं. आपल्याला कुणी पाहत असेल या शंकेनेच माणूस स्वतःला आवरतो. कॅमेऱ्याचा काही ठिकाणी उपयोग होतो. पण रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांचा अभ्यास करून १९९७ मध्ये दाखवलं की जिथे शेजारी एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि वेळ पडल्यास मध्ये पडतात, तिथे हिंसा कमी असते, वस्तीची गरिबी हिशेबात धरूनही. नाक्यावर टवाळी करणाऱ्या मुलाला नावाने हाक मारून घरी पिटाळणारी बाई, ही नजर कॅमेऱ्याहून वेगळी आहे. ती त्याला ओळखते.

शेखर_का

शिक्क्याचा परिणाम मोजता येतो का, असा प्रश्न कुणी विचारेलच, म्हणून हा प्रयोग. डेव्हा पेजर या संशोधिकेने मिलवॉकी शहरात चार तरुणांना नोकरीच्या अर्जांसाठी पाठवलं, दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय. बोलणं, शिक्षण, अनुभव सारखे. प्रत्येक जोडीतला एकजण अर्जात लिहायचा की अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला होता. ही खोटी नोंद जोडीतले दोघे आलटून पालटून वापरत, म्हणजे फरक माणसाचा नव्हे तर नोंदीचाच असेल. ३५० ठिकाणी अर्ज गेले. निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणाला ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, नोंद असलेल्याला १७ टक्के. कृष्णवर्णीयाला नोंद नसताना १४ टक्के आणि नोंद असताना ५ टक्के.

आकडे नीट बघा. निष्कलंक कृष्णवर्णीय माणसाला तुरुंगातून आलेल्या गोऱ्याहून कमी बोलावणी आली. काहींवर शिक्का जन्मतःच असतो.

पाऊलवाट

जन्मतः असलेल्या शिक्क्याचं सगळ्यात उघडं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार, तसे काही जमातींत पिढीजात गुन्हेगार असतात, हा त्यामागचा सरकारी तर्क. यादीत आलेल्या जमातीच्या लोकांची नोंदणी व्हायची, हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायला परवाना लागायचा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती होत्या. कुठलाही गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती, त्या घरात जन्मणं पुरेसं होतं. बैलांवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या भटक्या व्यापाऱ्यांचा धंदा रेल्वेने आणि सरकारी मीठ धोरणाने मोडला, आणि त्यानंतर त्यांची भटकंतीच संशयास्पद ठरवली गेली.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. पण अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांकडे राहिली. आमच्याकडे पारधी मुलगा आला की त्याची चौकशी इतर मुलांपेक्षा वेगळ्या आवाजात व्हायची. हे मी कानांनी ऐकलं आहे. त्या मुलाने अजून तोंड उघडलेलं नसायचं.

रोखठोक

वरचं सगळं वाचलं. १८७१ चा कायदा अन्याय होता, यावर दुमत नाही. तिथे गुन्हा नव्हता आणि शिक्का होता. पण माझा प्रश्न तिथेच आहे जिथे गुन्हा खरोखर झालाय. माझ्या जवळच्या नात्यात एकीवर हल्ला झाला होता. खटला वर्षानुवर्षं चालला. ती फक्त साक्षीदार. तारीख पडली की जायचं, उलटतपासणी सोसायची, घरी यायचं. आरोपीला वकील, हक्क, सुधारणेची संधी. तिला कुणी विचारलं नाही की तुला काय हवंय. तुमचं समाजशास्त्र तिला काय देतं?

मृणाल_वि

तुमच्या नातलग बाईंनी जे सोसलं त्यासमोर सिद्धांत मांडताना संकोच वाटतो, तरी उत्तर द्यायला हवं.

नॉर्वेच्या नील्स क्रिस्टीने १९७७ मध्ये नेमकं हेच म्हटलं. भांडण ही त्यात सापडलेल्या माणसांची मालमत्ता असते आणि आधुनिक न्यायव्यवस्था ती त्यांच्याकडून काढून घेते. सगळ्यात जास्त नागवली जाते पीडित व्यक्ती. आधी गुन्हेगाराकडून, मग व्यवस्थेकडून, कारण तिच्याच प्रकरणात तिला बोलायची जागा उरत नाही. ‘तुला काय हवंय’ हा प्रश्न क्रिस्टीच्या विचाराच्या मध्यभागी आहे.

त्याला जोडून ऑस्ट्रेलियाच्या जॉन ब्रेथवेटचं १९८९ चं काम. लाज वाटायला लावणं हे समाजाचं फार प्रभावी हत्यार आहे, असं तो मानतो. त्यामुळे ‘काही बोलूच नका’ असं तो म्हणत नाही. तो दोन प्रकारच्या लाजेत फरक करतो. एकीत सांगितलं जातं की तू वाईट आहेस, आणि तिला शेवट नसतो. दुसरीत सांगितलं जातं की तू केलंस ते वाईट आहे, त्याची भरपाई कर, आणि ती झाली की तू पुन्हा आमचा. पहिलीने माणूस तशाच तोडलेल्या माणसांच्या गटात जातो. त्या मुलाचं दप्तर हे पहिल्या लाजेचं उदाहरण, आणि तेही न केलेल्या चोरीसाठी.

रोखठोक

दुसरी लाज ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात कोण करतं? आणि पीडितेला आरोपीसमोर बसायचंच नसेल तर?

मृणाल_वि

न्यूझीलंडने १९८९ मध्ये मुलांच्या गुन्ह्यांसाठी कायद्यातच याची सोय केली. कुटुंबाची बैठक होते. मुलगा, त्याच्या घरचे, पोलीस आणि पीडित व्यक्ती एकत्र बसतात. तिला काय झालं ते ती त्याच्या तोंडावर सांगू शकते, आणि भरपाई काय व्हावी यात तिचं म्हणणं असतं. माओरी समाजाच्या तंटे सोडवण्याच्या रीतीचा त्यावर मोठा प्रभाव आहे. यायचं की नाही हे पीडित व्यक्ती ठरवते. तिच्या वतीने दुसरं कुणी येऊ शकतं. खून आणि मनुष्यवध यातून वगळलेले आहेत.

रोखठोक

ठीक. तिच्या ‘नाही’ला मान असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. मोठ्या माणसांच्या गंभीर हिंसेत मात्र मला तुरुंगच हवा, त्यावर मी ठाम आहे.

मृणाल_वि

तुरुंग नको असं मीही म्हणत नाही. माझा आग्रह तिथून बाहेर येण्याच्या दिवसाबद्दल आहे, कारण बहुतेक कैदी कधी ना कधी बाहेर येतातच. सॅम्पसन आणि जॉन लाउब यांना हार्वर्डच्या तळघरात जुन्या कागदांची खोकी सापडली. बोस्टन परिसरातल्या, सुधारगृहात गेलेल्या ५०० मुलांच्या आणि तशाच वस्त्यांतल्या ५०० इतर मुलांच्या नोंदी. त्यांनी सुधारगृहातल्या त्या मुलांचा माग थेट सत्तरीपर्यंत काढला. जवळजवळ सगळेच कधीतरी गुन्ह्यातून बाहेर पडले. लवकर कोण बाहेर पडले? ज्यांना टिकाऊ नोकरी मिळाली, ज्यांचा संसार जमला, ज्यांच्या दिवसाला कुणीतरी जाब विचारणारं होतं. लहानपणी सगळ्यात वाह्यात कोण होता, यावरून पुढचं सांगता येत नव्हतं.

पाऊलवाट

याला माझ्याकडचा दुजोरा. आमच्याकडून सुटून मार्गी लागलेल्या मुलांना विचारलं की काय झालं, तर कुणी आमच्या समुपदेशनाचं नाव घेत नाही. गॅरेजचा मालक, मामा, एखादी शिक्षिका. एकाच्या मालकाने तर पहिल्याच आठवड्यात, सगळं माहीत असताना, गल्ल्याची चावी त्याच्या हातात ठेवून बँकेत पाठवलं होतं. तो मुलगा आता त्याच गॅरेजात दोन पोरांना काम शिकवतो, आणि त्यातला एक आमच्याकडून गेलेला आहे.